मामाजींचे मुख्य प्रायोजक

माझे मामेसासरे आयुष्यात कधी कोणाकडे काही मागायला गेले नाहीत आणि कधी रिकाम्या हातानं परतले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात, यावर माझा बरीच वर्षं विश्वास नव्हता. मी यादी करून जगणारी बाई आहे. कामं क्रमानं लिहिते, झालं की खोडते, उरलेलं दुसऱ्या दिवशी वर घेते. सक्करदऱ्यातल्या आमच्या कॉलनीच्या मंडळाची सेक्रेटरी मी याच गुणावर झाले, आणि कोणी दुसरं तयार नव्हतं म्हणूनही. मामाजी, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, याच मंडळात प्रायोजक आणण्याचं काम बघत. सगळी कॉलनी त्यांना मामाजीच म्हणायची. भाजीवाला, पोस्टमन आणि वयानं त्यांच्याहून मोठे असलेले दोन गृहस्थसुद्धा.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचे, चाकं लावलेले बैल सजवून मुलं मैदानात आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि मग तेच बैल ओढत घरोघरी जातात. ज्याच्या दारात बैल आला त्यानं मुलाच्या हातावर बोजारा ठेवायचा, चार पैसे किंवा खाऊ. मंडप, बक्षिसं आणि दीडशे पोरांची आलूबोंड्याची सोय यासाठी प्रायोजक लागतात. मी सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे एक रीतसर प्रस्ताव तयार केला. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, सहाय्यक. कोणाला बॅनरवर कुठली जागा, कोणाला किती वेळा उल्लेख, सगळं तक्त्यात. स्पायरल बाइंडिंग करून मी मामाजींना दहा प्रती दिल्या. त्यांनी एक प्रत उघडून, मिटून, वजन पाहिल्यासारखी हातात धरली आणि म्हणाले, "सूनबाई, काम पक्कं केलं तुम्ही." उन्हाळाभर मी त्यांना त्या प्रतीनं वारा घेताना पाहिलं. एकदा तिच्यावर चहाचा कप होता. उरलेल्या नऊ प्रती कुठे गेल्या, ते विचारायचं मी टाळलं.

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक लाकडी बैल. बैल त्यांच्या लहानपणीचा, एक शिंग नंतर बसवलेलं, मागचं डावं चाक वाकडं. एखाद्या दुकानात जायचं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचं, बैल पिशवीतून काढून काउंटरवर ठेवायचा आणि त्याचं तोंड मालकाकडे करायचं. मग मालकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, पोराच्या बारावीची चौकशी, समोरच्या रस्त्याची निंदा. बैलाचा विषय नाही, पोळ्याचा नाही, पैशाचा तर नाहीच. बैल आपला उभा. शेवटी मालकच म्हणायचा, "मामाजी, पोळ्याले तर अजून टाइम आहे न?" यावर मामाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "हो न बाप्पा. पण म्हातारा आहे गा, हळू चालते. म्हणून लवकर निघाला." दारात आलेल्या बैलाला आमच्याकडे कोणी नुसतं परत पाठवत नाही. तो बैल मे महिन्यात आला आणि ओढणारं पोरगं सत्तरीचं आहे, एवढ्यानं रीत बदलत नाही. मालक गल्ल्याकडे हात नेई. तेव्हा मामाजी घाईघाईनं बैल पिशवीत टाकून उठत.

पहिल्या भेटीत पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. मी वैतागून म्हणाले, "मामाजी, तो देत होता. घेतले काहून नाही?" त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडी ‘का’चं ‘काहून’ होतं. ते म्हणाले, "पहिल्या टाइमले घेतले तर वर्गणी होते, सूनबाई. वर्गणी देऊन माणूस मोकळा होते. त्याले मोकळं नाही करायचं." चेक ते कार्यक्रमाच्या दिवशीच स्वीकारत, स्टेजवर, पोरांच्या समोर. तोवर मंडपवाला, बक्षीसवाला आणि मी असे तिघं रक्तदाबाच्या गोळ्यांवर असू. पोळा संपला की ते दोन दिवस झोपून काढत आणि तिसऱ्या दिवशी बैलाला तेल लावत. "आता काय घाई?" म्हटलं तर म्हणत, "घाई कुठं? पोळा येऊन राहिला न."

पण त्यांचा खरा विशेष असा की त्यांना कोणालाही दुसऱ्या जागेवर बसवता येत नसे. तान्ह्या पोळ्याच्या सजावट स्पर्धेसाठी मी पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ अशी बक्षिसं यादीत लिहिली होती. आणायला मामाजी गेले. परत आले ते ढीगभर ढाली घेऊन, आणि प्रत्येक ढालीवर ‘प्रथम क्रमांक’. फक्त गट वेगळे: बालवाडी गट, मोठा गट, मधला गट, जुना बैल गट, नवा बैल गट. मी परीक्षकांना काय सांगू, असं विचारल्यावर म्हणाले, "त्यायले म्हणा, आरामात बसा, चहा घ्या."

या सगळ्यावर खरा प्रसंग आला तो दोन वर्षांपूर्वी. पलीकडच्या मोठ्या मैदानावर नव्यानं भव्य तान्हा पोळा सुरू झाला होता. डीजे, ड्रोन, सायकलींची बक्षिसं, आणि माणसाच्या उंचीचे, ट्रॉलीवरून आणलेले बैल. आमच्या बैठकीत ठरलं की यंदा प्रायोजकांत भागलं नाही तर पुढच्या वर्षीपासून आपला पोळा बंद, मुलांना तिकडेच पाठवू. व्यवहारानं ते बरोबर होतं. मीच मांडलं होतं. मामाजी एवढंच म्हणाले, "तिथं पोराचा नंबर नाही येत, बैलाचा येते. आन् बैलाचा बी नाही, बापाचा." मग त्यांनी चहा अर्धा ठेवला. मामाजींनी चहा अर्धा ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ते आणि बैल गावभर फिरायला लागले. जरीपटक्यातल्या एका कापडवाल्या शेठजींकडे इतक्या वेळा गेले की तिथला नोकर बैलाच्या जागेवरचे तागे आधीच बाजूला करून ठेवायचा. बुटीबोरीला पाण्याच्या टाक्या बनवणारा एक कारखानदार होता. मामाजी बस बदलत तिथे पोचले, बैल ऑफिसात ठेवला आणि आवारातल्या टाक्यांवर एकेक टिचकी मारत फिरले. "टाकी बोलते गा तुही," एवढंच म्हणाले. त्या माणसाला टाक्यांबद्दल आजवर तक्रारीच ऐकायला मिळाल्या होत्या. तिसऱ्या आमच्याच चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या खुर्चीत मामाजी तोंड उघडून पडले, बैल हत्यारांच्या ट्रेवर, आणि बोलता येत नसताना प्रायोजकत्व मिळवण्याचा विक्रम त्यांनी तिथे केला.

तिघांनीही होकार दिला. मी खूश होऊन फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मामाजी सांगून गेले. तीन बनवले." तीन कसे? मी जाऊन पाहिलं. तिन्ही एकाच मापाचे, तिन्हींवर वर मधोमध मोठ्या अक्षरांत ‘मुख्य प्रायोजक’, आणि खाली प्रत्येकावर वेगळं नाव.

मी मामाजींना गाठलं. "मुख्य एकच असतो, मामाजी."

"हो न. मी प्रत्येकाले एकच सांगितला."

"आणि तिघं समोरासमोर आले तर?"

"काहून येतील? मैदानाले तीन गेटं आहेत. शेठजी उत्तरेकडून येतील, टाकीवाला दक्षिणेकडून, डॉक्टरीणबाई चौकातून. ज्याच्या गेटावर त्याचा बॅनर. मी सगळा विचार केला आहे, सूनबाई. तुमच्यासारखा."

ते ‘तुमच्यासारखा’ मनापासून होतं, म्हणून मी यादीत एकाऐवजी तीन गेटं लिहिली. शिवाय दुसरा उपाय माझ्याकडेही नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन गेटांसमोरचा रस्ता कोणीतरी खोदून ठेवला. काहून, ते अजून कळलेलं नाही. गेटं बंद झाली. मंडपवाल्याच्या माणसांनी उरलेले दोन बॅनर वाया जाऊ नयेत म्हणून, आणि तिन्ही एकाच मापाचे दिसले म्हणून, तिन्ही स्टेजच्या मागे शेजारी शेजारी अगदी सरळ रेषेत लावले. मी सकाळी पोचले तेव्हा काम सुबक झालं होतं आणि शिडी परत गेली होती. पहिल्या रांगेत तिन्ही पाहुणे येऊन बसले. वाचायला दुसरं काही नव्हतं.

शेठजी उठले. "मामाजी, ये क्या है? मुख्य तो मैं था ना?"

टाकीवाला म्हणाला, "मले बी तेच सांगितलं होतं, मामाजी. मी घरून बायकोले घेऊन आलो फोटो काढाले."

डॉक्टरीणबाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन लावली. तिन्ही चेक अजून तिघांच्या खिशात नि पर्समध्ये होते. मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीच्या यादीतून ‘तान्हा पोळा’ खोडायला सुरुवात केली. मामाजींकडे पाहिलं तर ते पहिल्यांदाच मला म्हातारे दिसले. पिशवी पोटाशी धरून उभे होते, आणि ओठ हलत होते पण त्यातून काही येत नव्हतं. मग ते तोरणाकडे वळले. बैल पिशवीतून काढून त्यांनी पोरांच्या रांगेच्या टोकाला उभा केला आणि म्हणाले, "आधी पोरायचं होऊन जाऊ द्या शेठजी. मग मले पाह्यजे ते बोला. ते केव्हाचे उभे आहेत."

पोरांना नाही म्हणणं अवघड असतं. तिघं उठले आणि ढाली वाटायला लागले. पहिली ढाल, प्रथम क्रमांक. दुसरी ढाल, प्रथम क्रमांक. टाकीवाल्यानं तिसरी उलटून पाहिली. शेठजींनी हातातल्या पाच-सहा ढाली पत्त्यांसारख्या पसरून वाचल्या आणि विचारलं, "मतलब इधर सबका पहिला नंबर है?"

"मग!" मामाजी म्हणाले. आवाज परत आला होता. "रांगेतला शेवटचा बैल कोणता, सांगा बरं? इकडून पाहा. आता तिकडून पाहा."

शेठजींनी खरंच इकडून पाहिलं, मग चार पावलं चालत जाऊन तिकडून पाहिलं. मग तीन बॅनरांकडेही तसंच पाहिलं. आणि मग ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी पर्सची चेन उघडली. टाकीवाला मात्र गंभीर होता. सगळं आटोपल्यावर एक ढाल उरली, ती हातात घेऊन तो मामाजींना बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "मामाजी, मले कधी कशातच पहिला नंबर नाही भेटला. हे ठेवू का?" पुढे एकदा बुटीबोरीला त्याच्या ऑफिसात गेले तेव्हा टेबलामागे, सगळ्या प्रमाणपत्रांच्या मधोमध ती ढाल होती. प्रथम क्रमांक, बालवाडी गट.

तान्हा पोळा वाचला. मागच्या वर्षीही झाला. यंदा मात्र मामाजी नाहीत. मामीजी गेल्यापासून मुलगा बोलावत होता, ते चैत्रात पुण्याला त्याच्याकडे गेले. निघायच्या दिवशी माझ्याकडे आले, बैल माझ्या टेबलावर ठेवला, तोंड माझ्याकडे केलं. "तिथं कोणाकडं नेऊ याले? तुमच्याकडं राहू द्या," म्हणाले आणि समोरच्या रस्त्याची निंदा करून गेले.

मी स्पायरल प्रस्तावाच्या नव्या प्रती काढल्या. शेठजी, टाकीवाला, डॉक्टरीणबाई, तिघांनीही तो न उघडता सांगितलं की मुख्य तर आम्हीच आहोत, मामाजींनी सांगून ठेवलंय. मी तीन बॅनर छापायला टाकले. तेवढ्यानं भागत नव्हतं, म्हणून मागच्या आठवड्यात एका नव्या चष्म्याच्या दुकानात गेले. प्रस्ताव पिशवीतच राहू दिला. बैल काउंटरवर ठेवला. गप्प बसणं मला जमत नाही, पण आईच्या गुडघ्यांपर्यंत कशीबशी पोचले. तो म्हणाला, "ताई, पोळ्याला तर वेळ आहे ना?" मी म्हणाले, "म्हातारा आहे, हळू चालतो." तो गल्ल्याकडे हात नेताच मी उठून आले. शुक्रवारी दुसरी भेट आहे.

हे सांगायला पुण्याला फोन केला. मामाजींनी किती मिळतील ते विचारलं नाही. विचारलं, "तोंड त्याच्याकडं केलं होतं न?" मग सांगायला लागले, की तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ते रोज जाऊन बसतात. भला माणूस आहे, आईचे गुडघे दुखतात. खाली मोकळी जागा आहे, मुलं भरपूर, कोणाला तान्हा पोळा माहीत नाही. "काल तो बी म्हणाला, काका, काही काम होतं का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू, सूनबाई? बैल तर तुमच्याकडं आहे."

मी यादीत लिहून ठेवलं आहे. तान्हा पोळा झाला की दोन दिवस जाऊ द्यायचे, तिसऱ्या दिवशी तेल लावायचं, आणि बैल पुण्याला पाठवायचा. तिथला पोळा तोवर येऊन राहिलेला असेल. म्हातारा आहे, हळू चालतो. पण पोचेल.