उलटा डोंगर

सन १९९७, मी बासष्ट वर्षांचा. शहापूर-मुरबाडकडं डोंगर कुणी पाहिले नाहीत? पण डोंगर उलटा करून पाहिलेला माणूस दोन्ही तालुक्यांत एकच, आमचे डोळखांबचे व्याही. खोल समुद्रात मासळी कुठं किती आहे ते शोधत फिरणाऱ्या एका मोठ्या बोटीवर ते वर्षानुवर्षं रांधायला होते. म्हातारपणी घरी आले ते समुद्राची खोली डोक्यात घेऊनच. विहिरीत पोहरा सोडतानाही हात पसरून दोर वावांनी मोजायचे. धसईच्या बाजारात सुकटवालीला विचारायचे, "हा किती वाव खालचा गो?" ती म्हणायची, "टोपलीच्या तळाचा हाय. घेतोस का निघतोस?" तरी दर बाजारी हे विचारणारच.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, न्यायला आले आणि आमच्याकडं जेवायला बसले. पहिल्या घासालाच सुरू. "व्याही, समुद्र म्हंजे उलटा डोंगर. काठाला गावागत गर्दी. उतारानं खाली गेलात का मधी पाड्यांचा पट्टा. तिथं मोठा मासा, विकायचा मासा. त्याच्या खाली वस्ती इरळ. पार तळाला एखादंच खोपटं, न् तिथला मासा असा मऊ का बाजारात कुत्रं इचारायचं नाय."

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण आमटी जन्मभर जेवलोय. मी म्हणालो, "आमटीत घट्ट ते तळालाच असतं. जितकं खोल, तितका मासा जास्त."

"तुमी समुद्र पायलाय?"

"तुमी तळ पायलाय?"

व्याही अर्ध्या ताटावरून उठले. "समुद्राला आमटी म्हणणाऱ्याच्या घरून मी लेक नेत नाय. आधी शब्द मागं घ्या!"

शब्द मागं? मी आजवर बैलगाडी मागं घेतली नाही. ते आले तसे एकटेच गेले.

आता माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय सून जात नाही, ही आमच्यातली रीत. तिकडं व्याही येईनात, इकडं मी बोलावीना. दिवाळी उंबऱ्याशी आली तशी सून भांडी आपटत म्हणाली, "मामा, तुमा दोघांच्या माशांपायी माझं म्हायार बुडालं."

मी बिडी विझवली. मग राखेनं तवा घासता घासता ती हळूच म्हणाली, "मी ल्हान व्हते तवा बा बोटीवर. सुट्टीला आले का मी त्यांना पाव्हणं म्हणायची न् आयच्या मागं लपायची. ते नुसते दारात बसून, मी जवळ येते का बघत. जरा जवळ जावं तर सुट्टी सरायची. आता कुठं आमची वळख झालीय."

आमटीबद्दल माझं मत आजही तेच आहे. आणि सासऱ्यानं सुनेला माहेरी पोचवायला जावं, असं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेली टोपी घातली, तिची पिशवी खांद्याला लावली, डोळखांबच्या यष्टीत तिला खिडकीशी बसवलं आणि तिच्या शेजारी बसलो.