पाठीमागचा प्रॉम्प्टर

वडिलांच्या मृत्यूचा दाखला काढायला बीडच्या कचेरीत रांगेत उभा होतो. माझ्या मागचा धोतरवाला म्हातारा सगळ्यांची वाक्यं पुरी करत होता. कुणी जरा अडखळलं की याचा शब्द तयार, तोही खणखणीत आवाजात. माझं डोकं उठलं.

"गावच्या नाटकाला तीस वर्षं पडद्यामागून वाक्यं सांगितली. कुणी थांबलं की गप बसवत न्हाई बघा."

"काका, इथं नाटक चालू नाही," मी वैतागून म्हणालो. तरी खांद्यावरून माझा अर्ज वाचणं, ओळीओळीवरून हवेत बोट फिरवणं चालूच.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मयत तुमचे कोण?"

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

मागून, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू आलं, "वडील."

मी तेवढंच म्हणालो.