समोरची पाटी

निवृत्त झालो तेव्हा मी घराच्या भिंतीवर पाच वर्षांचा तक्ता लावला. सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या नियोजन विभागात गेली. तक्त्याशिवाय मला चहासुद्धा करता येत नाही, असं बायको म्हणते. धंदा आम्हा दोघांचा: तिने भाजणी, मेतकूट, चटण्या करायच्या, मी पाकिटं भरून विकायची. सुरुवातीलाच ती म्हणाली होती, "सांज्याच्या पोळ्याही ठेवू या ना, माझा हात बसलाय." मी काट मारली. तीन दिवसांपलीकडे न टिकणारी वस्तू तक्त्यात बसत नव्हती.

आणि समोर अक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरातल्या. सकाळी यशवंतपूरच्या मार्केटात जायचं, जे ताजं दिसेल ते आणून रांधायचं, आणि फाटकावरच्या पाटीवर खडूने कन्नडमध्ये लिहायचं: आज अमुक. साडेदहाला पातेलं रिकामं. गुडघे दुखले तर पाटी कोरी. तरी ओसरीपुढे रांग! ती रांग माझ्या डोळ्यांत खुपायची. खोटं कशाला बोलू, पाटी कोरी दिसली की मला त्या दिवशीचा चहा जास्त गोड लागायचा.

एकदा न राहवून विचारलं, "अक्का, पुढच्या वर्षाचं काय ठरवलंय?"

"पुढच्या वर्षाचं? उद्याचं ठाऊक नाही मला, अण्णा. स्वल्प बाजूला सरा, मागं लोक उभे आहेत."

मग पावसाळ्यात आमचं मेतकूट पडून राहिलं. तक्त्याप्रमाणे केलं होतं. गिऱ्हाईक काही तक्त्याप्रमाणे आलं नाही. अक्कांनी बायकोला हाक मारली, "घेऊन ये इकडे, बघू या." दुसऱ्या दिवशी पाटीवर मेतकूट-तूप-भात. दहाच्या आत दोन पातेली संपली. बायको नाचतच घरी आली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेतकूट आमचं आणि नाव अक्कांचं! "नशीब असतं एकेकाचं," एवढंच मी म्हणालो. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर ती रोज सकाळी तिकडे जाऊ लागली. "तासाभरात येते," म्हणायची. मी लेबलं चिकटवत बसायचो आणि रस्त्यापलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण ती इतकं मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. अक्कांच्या धंद्याचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं. आता मी त्या हसण्यावर जळू लागलो.

परवा पाटीवर कन्नडखाली देवनागरी अक्षरं दिसली. गोलसर, बायकोची. आज: सांज्याच्या पोळ्या.

तक्त्यात त्या दिवशी भाजणी होती. मी चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि रांगेत उभा राहिलो. पुढे अकरा माणसं होती. माझा नंबर आला तेव्हा तिने वरही न बघता कागदावर पोळी ठेवली, मग मला पाहिलं आणि वर तुपाची धार सोडली. मी तिथेच उभ्या उभ्या घास घेतला. पोळी फार छान झाली होती, याचाच राग आला.

"उद्या तरी घरी थांबशील ना?" मी विचारलं. "भाजणी राहिलीय."

"उद्याचं ठाऊक नाही मला," ती म्हणाली. तिचे हात पुढची पोळी कागदात बांधत होते. "अहो, स्वल्प बाजूला सरा. मागं लोक उभे आहेत."