मधल्या मापाचा जबडा

बुरुलकान वहिनी बावीस वर्षं कोळशाच्या पट्ट्यासमोर उभ्या होत्या. खाणीतून वर आलेला कोळसा रबरी पट्ट्यावरून सरकत जायचा आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी त्यातले दगड वेचून बाजूला टाकायचे. काळ्यातलं काळं शोधायचं काम. बाकीच्या बायका पाळी संपेपर्यंत डोळे चोळून लाल करायच्या. वहिनींना त्याचं काही वाटायचं नाही. खाण बंद पडली तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि आमच्या काराजार गावातली निम्मी घरं रिकामी व्हायला लागली होती.

त्यांचा नवरा मामात माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवायचो. सुनेनं सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत ही आमच्याकडची रीत, त्यामुळे वहिनींनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आधी मी त्यांचा ‘धाकटा’ होतो, नोकरी लागल्यावर ‘मास्तर’ झालो.

खाण बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात राजधानीतल्या संशोधन संस्थेतून एसेनकुल जापारोव आले. वय पस्तिशीचं, उन्हानं नाक सोललेलं, बरोबर एक खटारा गाडी आणि रिकाम्या पोत्यांचा ढीग. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या खाणीच्या तोंडाशी राखाडी मातीदगडाचा एक थर आहे. तो कोळशात मिसळून माल खराब करायचा, म्हणून खाणीतल्या माणसांनी त्याला कायम शिव्याच घातल्या. जापारोवना नेमका तोच हवा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं तळं होतं, काठानं वीतभर लांबीचे सरपटणारे जीव हिंडायचे, आणि त्यांचे जबडे नि दात त्या थरात राहिलेत, असं त्यांचं म्हणणं. शाळेत मुलं कमी झाल्यानं एक वर्ग रिकामा होता. तो आम्ही त्यांना दिला.

“कुणी नजरेचं पक्कं माणूस आहे का गावात?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना वहिनींच्या घरी घेऊन गेलो. वहिनी चुलीपाशी रोट्या लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बसून काम आहे का?”

“बसून.”

“मग येते.”

काम असं होतं. पोत्यातले दगड वाळवायचे, रॉकेलमध्ये भिजवायचे, मग पाण्यात टाकायचे, म्हणजे त्यांचा चिखल होतो. तो चिखल पाटाच्या वाहत्या पाण्यात बारीक चाळणीतून धुवायचा. वर जी कणी उरते ती सुकवून चिमूटचिमूट भिंगाखाली घ्यायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं हाडाचा तुकडा उचलायचा. बहुतेक चिमटीत काही नसतंच. असलं तर तिळाएवढा दात, नाहीतर तांदळाच्या दाण्याएवढा जबडा.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी जापारोवना हाक मारली. आमच्याकडे शिकलेल्या पुरुषाला ‘आगाय’ म्हणतात, आणि ते वयानं लहान असले तरी वहिनी त्यांना तेच म्हणायच्या.

“आगाय, हा दगड नाही.”

“कशावरून, एजे?” मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ते त्यांना एजे म्हणायचे.

“दगड असा तुकतुकीत नसतो. आणि दगडाला मुळं नसतात.”

जापारोवनी भिंगातून पाहिलं आणि हसले. बेडकाच्या कंबरेचं हाड होतं ते. दात नव्हता, पण दगडही नव्हता.

हळूहळू त्यांनी वहिनींना जबडे ओळखायला शिकवलं. सरड्याचे दात जबड्याच्या आतल्या भिंतीला टेकून ओळीनं उभे असतात. मगरीचे खड्ड्यात बसवलेले असतात आणि पडले की खड्डा तसाच राहतो. आणि तिसरा एक प्रकार, दिसायला सरड्यासारखाच, पण जात वेगळी. त्याचे दात हाडाच्या धारेवरच उभे, हाडाशी एकजीव, पडत नाहीत नि बदलत नाहीत. या घराण्यातला एकच नातलग आज न्यूझीलंडच्या बेटांवर जिवंत आहे. वहिनींनी आपली नावं ठेवली. सरडा म्हणजे ‘कुंपण’ आणि हा तिसरा म्हणजे ‘करवत’. पुढे जापारोवही बोलताना तेच शब्द वापरायला लागले. डब्यांवर मात्र लॅटिन असायचं.

करवतीतही दोन प्रकार निघाले. एकाचे जबडे मोठे, म्हणजे नखाएवढे, आणि दात जाड, एकसारखे. जापारोवनी त्याचं वर्णन छापलं आणि त्याला आमच्या गावाचं नाव दिलं. तीन वर्षांनी दुसरा. तो जेमतेम अर्ध्या नखाचा, दात बारके, एक लहान एक मोठा असे आळीपाळीनं. ही निराळीच जात, असं त्यांनी ठरवलं आणि तिला वहिनींचं नाव दिलं. छापील कागद घेऊन ते स्वतः आले. त्या लॅटिन ओळीत ‘बुरुलकान’ स्पष्ट वाचता येत होतं.

मामातनं मेंढा कापला. शाळेच्या पटांगणात गालिचे अंथरले, मोठी कढई चढली, जुने खाणकामगार झाडून आले.

“मामात, बायकोच्या नावाचं जनावर निघालं म्हणे!” एकानं टोला हाणला. “आता घरात पाल दिसली तर मारायची पंचाईत.”

“तो सगळा तिच्या माहेरचा गोतावळा,” मामात म्हणाला. “दातांवरून मी आधीच ओळखलं होतं.”

वहिनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसत होत्या. तो कागद त्यांनी काचेत बसवून भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी लावला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या चहाआधी तो दाखवायच्या. खोटं कशाला सांगू, त्या फुशारल्या होत्या, आणि आम्हालाही ते बरं वाटत होतं. खाण गेल्यापासून गावात कुणाचं काही चांगलं झालेलंच नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. मग एका वसंतात त्या गप्प गप्प झाल्या. वर्गात जायच्या, भिंगाला डोळा लावायच्या, पण हात चालायचा नाही. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या, “मास्तर, बाजारात मेंढी घेताना तुम्ही काय बघता?”

“तोंड उघडून दात बघतो.”

“दातांवरून काय कळतं?”

“वय.”

“जात कळते का?”

“जात कशी कळेल दातांवरून? मेंढी ती मेंढीच.”

त्यांनी मला भिंगापाशी बसवलं. मोठ्या करवतीचा जबडा होता. मागचे दात जाड नि तीक्ष्ण. पुढे, हनुवटीकडे, नुसती झिजलेली धार. वहिनींनी उजेड तिरपा केला. तेव्हा त्या धारेवर बारके उंचवटे दिसले. एक लहान एक मोठा, एक लहान एक मोठा.

“याचे दात पडत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “जन्माला येताना जे असतात ते मरेपर्यंत तिथंच झिजतात. जबडा वाढतो तसे मागे नवे येतात. मोठ्याच्या तोंडात पुढे हे जे झिजलंय ना, ते लहानपणचे दात आहेत. आणि माझं जनावर...” त्या थांबल्या. “माझं जनावर म्हणजे याचं पोर आहे.”

मी भिंगावरून डोळा काढला. “जापारोवना कळवलंत?”

“जूनमध्ये येतायत. तोंडावर सांगेन.”

जूनमध्ये त्यांनी सांगितलं. मी तिथंच होतो. जापारोव ऐकता ऐकता उभे राहिले.

“एजे, लहान अकरा जबडे आहेत, मोठे एकोणीस. मधल्या मापाचा एक तरी आहे? नाही. एकच जात असती तर मधली पोरं कुठं गेली? झीज काय, कशानंही होते.”

“मधलं सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही, आगाय.”

“माझं नाव कशाला, असं वाटून तुम्हाला संकोच होतोय का?”

“संकोच?” वहिनींचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. “मला ते फार आवडलं होतं. म्हणून तर चार दिवस जीभ उचलेना. संकोच असता तर त्या दिवशीच बोलले असते.”

जापारोव संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. चिडले होते हे खरं, पण त्यांचंही मला कळत होतं. आपण मनापासून दिलेली वस्तू समोरच्यानं परत करावी, तसं झालं होतं ते. जाताना मात्र म्हणाले, “त्या थरातली चाळीस पोती अजून धुवायची आहेत. मधला मिळाला तर मी मान्य करीन.”

वहिनींनी त्यात दोन हिवाळे घातले. पाट गोठला की बंबात पाणी तापवून धुवायच्या. बोटांना भेगा पडल्या, त्यात मेंढीची चरबी भरून पुन्हा कामाला. मामात बडबड करायचा. “लोक स्वतःचं नाव लागावं म्हणून मरतात. ही बाई पुसायला मरतेय.” बडबडत पोती मात्र तोच उचलून आणायचा.

एकतिसाव्या पोत्यात तो निघाला. फेब्रुवारीतली दुपार होती, मुलं सुटून गेली होती, मी वह्या तपासत होतो. शेजारच्या वर्गातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी गेलो. वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“बघा,” म्हणाल्या.

दाण्यापेक्षा थोडा मोठा जबडा. पुढे सहा बारके दात, आळीपाळीचे, टोकं घासलेली. त्यांच्या मागे दोन जाड, तीक्ष्ण, नवे.

घरी मामातनं तो भिंगाशिवाय पाहिला, म्हणजे त्याला काही दिसलं नाही. “एवढ्याशासाठी? टाक ना कणीत परत. कोण मोजायला येतंय?”

“हा टाकला तर दुसरा निघेल. डोंगर काही आपल्या हातात नाही,” वहिनी म्हणाल्या. “आणि दुसरा कुणी काढला तर म्हणेल, त्या बाईला दिसलं नव्हतं.”

मामात थोडा वेळ चहा ढवळत बसला. “मेंढा खाऊन गेलेत सगळे,” म्हणाला. “आता परत तर मागणार नाहीत.”

टपालावर त्यांचा विश्वास नव्हता. काडेपेटीत कापूस घालून, ती रुमालात बांधून, रुमाल छातीशी धरून त्या बसनं राजधानीला निघाल्या. मी बरोबर होतो. खिंडीत बर्फानं रस्ता अडला, बस पाच तास उभी. चालकानं सगळ्यांना उतरून ढकलायला सांगितलं, वहिनी उतरल्या नाहीत. “माझ्याकडे लेकरू आहे,” म्हणाल्या. त्यांच्याकडे लेकरू नाही हे दिसत असूनही त्यांना कुणी काही बोललं नाही.

संस्थेत जापारोवनी जबडा भिंगाखाली घेतला. बघत राहिले, उजेड फिरवला, परत बघितलं. मग मोजपट्टी आणली. आम्ही कोट न काढता बसून होतो.

शेवटी ते म्हणाले, “एजे, हे मला दिसायला हवं होतं. मोठ्याच्या जबड्यावरची ती झीज मी स्वतः चितारली होती. चितारली आणि पुढे गेलो.”

“तुम्ही मेंढ्या पाळल्या नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

मग जापारोवनी नियम समजावून सांगितला. एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर आधी छापलेलं टिकतं, नंतरचं गळतं. गावाचं नाव आधीचं होतं. वहिनींचं गळणार होतं, त्यात त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.

“गावाचं राहतंय ना?” वहिनींनी विचारलं.

“राहतंय.”

“मग झालं.” पण हे म्हणताना त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. बाहेर पडल्यावर जिन्यात त्या थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. 

नवा लेख पुढच्या वर्षी निघाला. त्यावर लेखक म्हणून दोन नावं होती आणि पहिलं वहिनींचं. जापारोवनी ते न विचारताच टाकलं होतं. संस्थेत कुणीतरी हरकत घेतली, म्हणे, शाळेपलीकडे न शिकलेली बाई पहिली कशी? जापारोवनी सांगितलं, पोती धुवून दाखवा आणि नाव लावा. हे आम्हाला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

भिंतीवरचा काचेतला कागद काही वहिनींनी उतरवला नाही. मी एकदा म्हटलं, “वहिनी, हे आता खोटं झालं.”

“खोटं नाही, चुकलेलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या लग्नाच्या फोटोतही यांच्या अंगावरचा कोट दुसऱ्याचाच आहे.”

एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ओश शहरात जाऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि पट्टी निघाल्याच्या आठवड्यात वर्गात परत आल्या. हल्ली त्या सरड्यांचे जबडे मापानं लावतायत. जापारोवनी त्यात तीन जाती सांगितल्या आहेत. परवा त्यांचा फोन आला तेव्हा वहिनी पोती धुवायला पाटावर गेल्या होत्या, म्हणून मी घेतला.

“एजे काय करतायत?” त्यांनी विचारलं.

सरड्यांचे जबडे मापानं लावतायत, मी सांगितलं.

 ते म्हणाले, “किती जाती राहिल्या?”

“अजून तीनच आहेत,” मी म्हटलं. “पण दोन जातींचे डबे त्यांनी एकमेकांना चिकटवून ठेवलेत.”