भिंतीवरचे आईच्या हाताचे डाग

मंडळी, आज सकाळी बाथरूमकडे जाताना आई पडली. धामणगावहून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलंय. खुबा मोडलाय, ऑपरेशन सांगितलंय.

चूक माझीच आहे. तिच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीवर हाताचे काळपट डाग पडायचे. परवा घराला रंग दिला आणि मीच तिच्यावर ओरडलो, "माय, आता भितीले हात लावू नको!" ती भिंतीच्या आधारानंच चालते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता स्ट्रेचरवर कण्हत तीच मला सांगते, "भितीले हात नाही लावला रे बापू म्या."

काय करू मी? तुमच्या घरी असे डाग असतील तर रंगाचं सोडा, आजच तिथं धरायला दांडा बसवा.

माझ्या भिंतीवर एकही डाग नाही.