नदीच्या कवितेतलं नववं कडवं

सातवीतल्या मैत्रिणींनो, गावातच राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांनो,

हातून एक मूर्खपणा झाला आहे. तुमच्यापुढे तो कबूल करणं त्यातल्या त्यात सोपं, कारण आपल्या शाळेतली ती नदीची कविता तुम्हीही छडीच्या धाकाने घोकलेली आहे. डोंगरातून निघालेली नदी वाटेतल्या सगळ्यांशी बोलत सागराकडे जाते, ती.

माझी नात ईशा इथे ठाण्यात इंग्रजी शाळेत पाचवीला आहे. शाळेत मराठी पाठांतराची स्पर्धा निघाली आणि बाईंनी नेमकी तीच कविता दिली. ईशा झेरॉक्स घेऊन आली. मी कडवी मोजली, आठ. म्हटलं, "एक गाळलंय. हल्ली कागद वाचवतात मेले."

"आजी, प्रिंटेड आहे ते," ईशा म्हणाली.

"छापणारा काय देव आहे? मी साठ वर्षं म्हणतेय ही कविता."

आणि पेन घेऊन पाचव्या कडव्याखाली नववं लिहून दिलं. पोरगी पंधरा दिवस घोकत होती. आंघोळीला गेली की बाथरूममधून नदी वाहायची. स्पर्धेत तिने नऊच्या नऊ कडवी एका दमात म्हटली, कुठे अडखळली नाही, आणि मूळ कवितेत मनाची भर घातली म्हणून बाद झाली. घरी येऊन तिने दप्तर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हे कडवं माझ्याकडे आलं कुठून, ते सांगायचं तर मला लग्न होऊन गाव सोडल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

त्या दिवशी एसटी स्टँडवर तुमच्यातल्या दोघी-तिघी होत्या. माझं ध्यान तुम्हाला आठवत असेलच. अंगावर घसरणारी नायलॉनची साडी आणि चेहऱ्यावर असा थाट, की कल्याणला माझ्या स्वागताला बँड उभा आहे. तुम्ही रडत होतात, मी खिडकीची जागा धरत होते. आई खाली उभी राहून सांगत होती, "पोचल्याचं पत्र धाड. दादा वाचून दावील." मी मान हलवली, पण माझं लक्ष पुढे, ड्रायव्हरच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्यावर. गाडी वळली तेव्हा आई नेमकी कुठे उभी होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पत्र मी दोन महिन्यांनी धाडलं.

सासरी कल्याणात दोन खोल्या आणि नऊ माणसं. हे वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. दोन नणंदा कॉलेजात जायच्या आणि माझ्या 'पानी'ला नि 'लोनी'ला पोट धरून हसायच्या. मी महिन्याभरात पाणी आणि लोणी शिकले. पण त्यांना हसायची सवय लागलेली, आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. मग मी हसायला आईला पुढे केलं.

आईला अक्षर येत नव्हतं, तुम्हाला ठाऊक आहे. मी पहाटे कविता घोकायचे, ती शेजारी जात्यावर दळायची. ऐकून ऐकून तिची माझ्याआधी पाठ झाली. मी अडले की जातं न थांबवता ती पुढची ओळ सांगायची. याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग यायचा. आणि पुढे कल्याणच्या त्या स्वयंपाकघरात मी पदर खोचून, परात पालथी घालून तिचं जातं करायचे, कोंबडीसारखी मान हलवायचे आणि धापा टाकत, 'पानी पानी' करत अख्खी कविता दळून दाखवायचे. नणंदा लोळायच्या. सुनेला घरात मान मिळाला असं मी समजत होते.

पहिल्या बाळंतपणाला मला न्यायला आई आली. एसटीने सबंध दिवस उभ्याने आलेली. बाहेरच्या खोलीत तिला चहा दिला आणि आत नणंदा म्हणाल्या, "वहिनी, ती नक्कल करा ना." पोट सातव्या महिन्याचं, तरी मी बसले परातीपुढे. तिसऱ्या कडव्याला त्या दोघी एकदम गप्प झाल्या. मागे वळले तर आई दारात उभी, रिकामी कपबशी मोरीत ठेवायला आलेली.

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "बरी करतीस गं. पन माझा उजवा हात फिरतो. तू डावा फिरवलास."

आम्ही गावी गेलो. मुलगा झाला. आई त्याला मांडीवर घेऊन तीच कविता म्हणत झोपवायची, आणि पाचव्या कडव्यानंतर जरा लांबवून एक जास्तीचं म्हणायची:

जा गं बाई, मागं पाहू नको,
माझ्यापायी वाटंत राहू नको,
उणं माझं कुठं गाऊ नको
सागरापाशी.

मी म्हटलं, "आई, हे कुठलं? मला नाही आठवत."

"तूच म्हनायचीस की. इसरलीस व्हय?"

वाटलं, असेल, बाळंतपणात विसरायला होतं. सवा महिना तेच ऐकलं, मग तेच पोराला म्हटलं, मग ईशाला. आम्ही कल्याण सोडून वर्तकनगरच्या कॉलनीत आलो, गॅस आला, फ्लॅट आला, लिफ्ट आली. कडवं माझ्याबरोबर आलं. पन्नास वर्षांत मी एकदाही पुस्तक उघडून पाहिलं नाही. पाठ असलेल्या माणसाला पुस्तक कशाला लागतं, असा माझा तोरा.

तर ईशा बाद झाल्यावर मी रिक्षा केली आणि शाळेत भांडायला गेले. मराठीच्या बाई माझ्या सुनेपेक्षा लहान. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. आठच कडवी.

"आजी, तुमचं कडवं डोंगराच्या तोंडचं वाटतं, पण या कवितेत डोंगर कुठेच बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत नदीच बोलते. आणि हे तुमचं कडवं ओवी आहे, बाकीच्यांच्या चालीत बसतच नाही. पण सुंदर आहे. कुणाचं आहे?"

भांडायला गेलेली बाई त्या आठ कडव्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. त्या घाबरल्या, म्हणाल्या, पंखा वाढवू का? मी म्हटलं, नको.

घरी येऊन ईशाची माफी मागितली. तिने विचारलं, "मग ते कुणी लिहिलं?" मी म्हटलं, माझ्या आईने. ती म्हणाली, "पण तिला लिहिता येत नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं.

मैत्रिणींनो, आई जाऊन तीस वर्षं झाली. घर दादाच्या मुलांनी पाडून स्लॅबचं बांधलं. चांगलं केलं, गळत होतं ते. मी गेले की मला सोफ्यावर बसवतात आणि बिसलेरी देतात, पाहुणीला देतात तशी. इथे हळदीकुंकवाला कुणी माहेर विचारलं की मी गावाचं नाव सांगते, पण ते नुसतं नाव. त्या जागी माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही. उरल्या त्या चार ओळी, आणि त्या पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर खपवल्या. त्यातली तिसरी ओळ कुणाला उद्देशून होती, ते आता रोज भाजी चिरताना कळतं.

तरी एक शंका होती. म्हातारपणी माणूस हवं ते आठवतं. दादा गेला, पण त्याची बायको, माझी वहिनी, आहे गावी. त्या बाळंतपणात न्हाऊमाखू तिनेच घातलं होतं. परवा तिला फोन लावला. कडवं म्हणून दाखवलं. विचारलं, हे आईचंच ना, आणि मग तिने मला खोटं का सांगितलं?

वहिनी म्हणाली, "वन्सं, मी तवाच म्हनलं व्हतं आत्याबाईंना, तुमचं हाय तर सांगा की तसं वन्सांना. तर म्हनल्या, 'माझं म्हनलं तर हसंल ती. पुस्तकातलं म्हनून ऱ्हाऊ दे, म्हंजी पाठ करंल.'"