जोडीवाले सर

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. जोडीवाल्या सरांविरुद्धचं ते निनावी पत्र माझं होतं.

नव्वदच्या दशकात तुम्ही पंचवटीत राहून हिंदीची परीक्षा दिली असेल, तर सर तुम्हाला आठवतील. एका धर्मशाळेच्या माडीवर आमचे दोघांचे हिंदीचे वर्ग भरायचे. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "घाई नको. दोघांना समोरासमोर बसवा." दोघं म्हणजे दोन शब्द. अपेक्षा आणि उपेक्षा, ग्रह आणि गृह. गोंधळ उडवणारा शब्द ते कधी एकटा शिकवत नसत, म्हणून जोडीवाले.

भाजीबाजारातल्या एक मावशी त्यांच्याकडे यायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, मला एकच शब्द द्या. दोन दिले का मी दोन्ही इसरते."

"मावशी, मेथी आणि शेपू डोळे मिटून ओळखता ना? तसंच हे."

"परीक्षेला शेपू आला असता तर पहिला नंबर होता माझा."

भिंतीअलीकडे माझा वर्गही हसला. मी हसलो नाही.

कारण त्यांचे विद्यार्थी जोड्यांच्या प्रश्नात गुण घालवत नसत. माझे घालवायचे. पेपरात पाच जोड्या यायच्या, त्यांतल्या चार सरांनी आदल्या रविवारी घेतलेल्या. एकदा योगायोग म्हटलं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी नजर ठेवायला लागलो. परीक्षा सुटली की सर केंद्राच्या फाटकाशी उभे. अनोळखी परीक्षार्थींना बाजूला घेऊन हळू आवाजात काही विचारायचे, लिहून घ्यायचे, कागद पिशवीत टाकायचे. केंद्राच्या शिपायाबरोबर चहाही घ्यायचे. मला आणखी काय हवं होतं? मी परीक्षा मंडळाला लिहिलं की यांना पेपर आधी कळतो. 'असा संशय आहे' एवढं जोडता आलं असतं. नाही जोडलं.

मंडळाचे दोघं चौकशीला आले. शेजारचा म्हणून मलाही बसवलं. सरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी लोकांच्या चुका लिहून ठेवल्या होत्या. चुकलेला शब्द, चुकणाऱ्याचं गाव. नांदगाव, चांदवड, पेठ.

"फाटकाशी मी एवढंच विचारतो, काय चुकलं?" सर म्हणाले. "लोक जिथं चुकतात तेच पेपर काढणारा विचारतो. फिरून फिरून तेच येतं."

साहेबांनी माझं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. सरांनी ते दोनदा वाचलं. माडीवरच्या फळ्यावर वर्गांच्या वेळा मीच लिहायचो, आणि सर तो फळा रोज वाचायचे.

"अक्षर ओळखीचं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"घाई नको," सर म्हणाले, आणि पत्राची घडी घालून परत दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

दोष काहीच निघाला नाही. पण उगाच चर्चा नको म्हणून मंडळानं त्यांच्या वर्गाचे अर्ज घेणं थांबवलं. पुढच्या आठवड्यात सर मावशींसकट सगळा वर्ग घेऊन माझ्या दारात उभे.

"हे आता तुमचे, सर. मावशींना तेवढं वासावरून शिकवा."

मग डबा माझ्या टेबलावर ठेवला. "हाही राहू द्या. कामाला येईल."

तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हा माणूस मला डबा का देतोय? त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

सर मुलीकडे चांदवडला गेले, आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी त्या डब्यावर पुढे पंधरा वर्षं शिकवलं. फाटकाशी उभा राहून त्यात भरही घातली. माझेही विद्यार्थी गुण घालवेनासे झाले. माझ्याविरुद्ध कुणी पत्र लिहिलं नाही.

मंडळाच्या फायलीत माझं बिनसहीचं पत्र अजून असेल. ते खोटं होतं असं सांगणारं, खाली माझी सही असलेलं पत्र मी सरांना देणं लागतो.